आमचा रेक्स मेलाय, तो मेलेलाच राहू द्या : ‘मास इफेक्ट’च्या पुढच्या भागावर काम करणाऱ्यांना खुले पत्र

एडमंटनच्या बायोवेअर स्टुडिओतल्या मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, कारण तुमच्या ‘मास इफेक्ट’ या अंतराळातल्या गेमबद्दल मी आजवर जे काही बोललो, भांडलो, ते सगळं मराठीतच. मिरजेच्या आमच्या घरात, एकाच कॉम्प्युटरसमोर, मोठ्या भावाशी. गेमचा नायक कमांडर शेपर्ड इंग्रजीत बोलायचा आणि आम्ही त्याच्या निर्णयांवर मराठीत वाद घालायचो. जेवताना, गच्चीवर, रात्री दिवे घालवल्यावरही. तुमच्यापैकी कुणी हे पत्र वाचेल की नाही, माहीत नाही. पण हा गेम खेळलेले मराठी लोक पुष्कळ आहेत, त्यांनी तरी वाचावं. त्यातल्या कित्येकांच्या मनात हेच असेल, असं मला वाटतं.

तुम्ही पुढचा भाग बनवताय. डिसेंबर २०२० मध्ये तुम्ही एक छोटी झलक दाखवली होती. बर्फातून चालत आलेली लियारा, शेपर्डची जुनी साथीदार, त्याच्या चिलखतावरची एन७ची खूण असलेला एक तुकडा उचलते आणि हसते. ती झलक बघितल्यापासून मनात एकच मागणं आहे. ते नीट कळावं म्हणून थोडं मागे जावं लागेल.

पहिला भाग पीसीवर २००८ मध्ये आला, आमच्याकडे पुढच्या वर्षी. कॉम्प्युटर एक, खेळणारे दोघं. त्यात भारनियमन, कधी चार तास वीज नाही तर कधी सहा. म्हणून दादाने नियम घातला : प्रत्येकाचा शेपर्ड वेगळा, प्रत्येकाला दोन तास, आणि मागचं सेव्ह उघडून निर्णय बदलायचा नाही. वेळच नव्हता त्याला. एकदा झालं ते झालं. हा नियम गरजेपोटी आला होता, पण तुमचा गेम आम्हाला इतका लागला तो त्या नियमामुळेच, असं आज वाटतं.

विरमायर ग्रहावर पहिला फटका बसला. हा गेम न खेळलेल्यांसाठी सांगतो. रेक्स हा क्रोगन जमातीचा योद्धा, आपल्या पथकातला जुना साथीदार. त्याच्या जमातीवर जेनोफेज नावाचा शाप लादलेला आहे, त्यामुळे बहुतेक पिल्लं जन्मालाच येत नाहीत. विरमायरवर शत्रूकडे त्यावर इलाज सापडतो आणि आपल्याला तोच तळ उडवायचा असतो. रेक्स बंदूक रोखून समोर उभा राहतो. त्याला समजवायचं तर आपल्या पात्रात बोलण्याची हातोटी हवी, किंवा त्याच्या घराण्याचं चिलखत आधी शोधून दिलेलं हवं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मिळालेला प्रत्येक गुण मी रायफल सुधारण्यात घातला होता आणि चिलखताच्या वाटेला गेलोच नव्हतो. संवादातली समजुतीची ओळ पडद्यावर करडी दिसत होती, निवडताच येत नव्हती. मी दोन-तीनदा तिच्यावर क्लिक केलं. मागून पथकातल्या ॲशलीने रेक्सवर गोळी झाडली.

दादाचा रेक्स वाचला होता.

दुसरा भाग जानेवारी २०१० मध्ये आला आणि खेळणाऱ्यांत दोन तट पडले. आजही आहेत. एका तटाचं म्हणणं, तुम्ही आरपीजी (आपलं पात्र घडवत, निर्णय घेत खेळायचा गेम) मोडून नुसता गोळीबाराचा शूटर केला. पहिल्या भागात साठ लेव्हल होत्या, दुसऱ्यात तीस. सामानाची अख्खी यादीच गेली. कौशल्यांची लांबलचक फळी जाऊन प्रत्येकाकडे मोजक्या शक्ती उरल्या. माको गाडीही गेली. डोंगरावरून गडगडत खाली यायची, पण तिच्यामुळे ग्रह मोठे वाटायचे. त्याजागी ग्रहावर माउस फिरवत खनिजं हुडकायचं काम आलं. ते मला एकदाही आवडलं नाही आणि मला भेटलेल्या एकाही खेळाडूला आवडलेलं नाही. दुसरा तट म्हणतो, बरं झालं. पहिल्या भागात दीडशे वस्तू भरल्या की एकेक करून वितळवत बसावं लागायचं, गोळ्या लागतात की नाही याचा भरवसा नसायचा, लिफ्टमध्ये ताटकळत उभं राहावं लागायचं. दुसऱ्या भागात बंदूक हातात घेतल्यासारखी वाटते, आडोसा घेता येतो, लढाईला वेग आहे.

बंदुकांच्या वादाला तर अंत नाही. पहिल्या भागात गोळ्या संपायच्याच नाहीत. बंदूक धातूच्या ठोकळ्यातून कण काढून मारायची आणि तापली की गार होईपर्यंत थांबायचं. कल्पना नवी होती आणि त्या जगात शोभणारी होती. दुसऱ्या भागात तुम्ही थर्मल क्लिप आणल्या, म्हणजे नाव बदलून गोळ्याच. दोन वर्षांत सगळ्या आकाशगंगेने बंदुका बदलल्या, असा खुलासाही दिला. पण पथकातल्या जेकबच्या मोहिमेत दहा वर्षांपूर्वी कोसळलेलं जहाज सापडतं, ज्यातली माणसं तेव्हापासून जगापासून तुटलेली आहेत, आणि तिथेही जमिनीवर थर्मल क्लिप पडलेल्या असतात. दादाला ते दिसलं तेव्हा त्याने खुर्ची मागे सारून मला बोलावलं होतं. असल्या चुका आम्हाला दिसतात, कारण तुमच्या जगावर आमचा विश्वास बसलेला असतो.

मी कुठल्या तटाचा? शूटिंगच्या बाबतीत दुसऱ्या. पण पहिल्या तटाचं एक म्हणणं मला मान्य आहे. विरमायरवर माझा रेक्स मेला, कारण मी गुण कुठे घालायचे ते चुकीचं ठरवलं. बोलण्याची हातोटी आणि बंदुकीचा नेम एकाच पिशवीतून येत होते आणि एकाला दिलं की दुसऱ्याला कमी पडत होतं. दुसऱ्या भागात ती हातोटी कौशल्यांतून काढून चांगुलपणाच्या आणि दांडगाईच्या गुणांना जोडली. मग निवड उरलीच नाही. सुरुवातीपासून एकाच सुरात बोलत राहिलं की पुढची सगळी दारं उघडतात. लोक ‘आरपीजी गेलं’ म्हणून हळहळले, ते सामानाच्या यादीसाठी नव्हे. आकड्याची किंमत माणसात मोजावी लागायची, ते गेलं.

तरीही दुसरा भाग माझ्या लेखी तुमचं सर्वोत्तम काम आहे, आणि कारण बंदुका नाहीत. कारण आठवण आहे. एका भागाची सेव्ह फाइल पुढच्या भागात नेली की आपले आधीचे निर्णय तिथे लागू होतात.

क्रोगनांच्या तुचांका ग्रहावर उतरलो तेव्हा दादाच्या गेममध्ये दगडी आसनावर रेक्स बसला होता. शेपर्डला बघताच तो उठला, समोरच्याला बाजूला सारून पुढे आला आणि त्याने हात धरला. मी दादाच्या खुर्चीमागे उभा राहून ते बघत होतो. संध्याकाळी माझी पाळी आली. तेच दालन, तोच प्रकाश, आसनावर रीव. रेक्सचा भाऊबंद, पण त्याला माझं काही सोयरसुतक नाही. मी उगाच त्या दालनात चार फेऱ्या मारल्या. कुणीच उठून आलं नाही. एका वर्षापूर्वी, दुसऱ्या गेममध्ये, एका करड्या ओळीवर क्लिक न झाल्याची ती जागा होती.

शेवटची मोहीम तर तुम्ही याच पायावर उभी केली. ओमेगा रिले या अंतराळातल्या दारापलीकडे, कलेक्टर्स या शत्रूंच्या तळावर कुणाला नळीतून पाठवायचं, दुसरी तुकडी कुणी न्यायची, किड्यांच्या थव्यातून जाताना बायोटिक, म्हणजे मनाच्या ताकदीचं, कवच कुणी धरायचं, हे आपण ठरवायचं. नेम कितीही अचूक असो, माणूस चुकीचा निवडला की कुणीतरी मरतं. पथकातली मिरांडा म्हणाली कवच मी धरते आणि मी तिच्यावर विसंबलो. ती इतकी ठामपणे बोलते की विसंबावंसं वाटतं. कवच टिकलं नाही. माझ्यासोबत गॅरस आणि ग्रंट हे साथीदार होते, थवा गॅरसला उचलून घेऊन गेला. यूपीएस पीं-पीं करत होता, वीज जाऊन दहा मिनिटं झाली होती आणि आई म्हणत होती की बंद कर आता, मशीन जाईल. मी बंद केलं नाही, मोहीम संपवली. गॅरसची शवपेटी बघितली आणि मगच बंद केलं. नियम होता. मागचं सेव्ह उघडायचं नाही.

तिसऱ्या भागात आपल्या नॉर्मंडी जहाजावर मेलेल्यांच्या नावांची भिंत आहे. गॅरसचं नाव तिथे वाचलं तेव्हा पाच-दहा मिनिटं मी कीबोर्डला हात लावला नाही. कुठल्याही गेमने माझ्यासाठी इतकं केलेलं नाही. तुमच्यातल्या कुणीतरी ते नाव तिथे यावं म्हणून बसून काम केलं होतं. त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानतो.

आता सेव्ह फाइलची गोष्ट. २०११च्या पावसाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला आणि परत आला तो कोरा होऊन. न विचारताच हार्ड डिस्क पुसली होती. माझी फाइल पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचली, दादाची गेली. कुणा दुसऱ्याची तशीच फाइल कुठूनतरी मिळवता आली असती, त्यातही रेक्स जिवंत असलेल्या फाइली ढिगाने होत्या. दादा नको म्हणाला. दिवाळीच्या सुट्टीत त्याने पहिला भाग पुन्हा सुरू केला आणि थंडी सरेपर्यंत दोन्ही भाग पुन्हा खेळला, तेच निर्णय आठवून आठवून. एका वहीत लिहीत होता : राक्नी किड्यांची राणी सोडली, आकाशगंगेचं कौन्सिल वाचवलं, जेनोफेजच्या इलाजावरची मेलनची माहिती जपली. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं त्याचं. पुढच्या मार्चमध्ये तिसरा भाग येईल तेव्हा आपलंच जग पुढे गेलं पाहिजे, म्हणून हे सगळं. मंडळी, तुमच्या कुठल्याही बंदुकीसाठी कुणी असं केलं नसतं.

आणि ते सार्थकी लागलं. तिसऱ्या भागातलं तुचांका हे तुमच्या लेखनाचं शिखर आहे. मॉर्डिन हा सॅलेरियन शास्त्रज्ञ, जेनोफेज नव्याने घट्ट करणाऱ्यांपैकी एक, इलाज पसरवायला मनोऱ्यावर जायला निघतो आणि वर गेला की परत येणार नाही. दादाच्या गेममध्ये तो गेला. माझ्या गेममध्ये रेक्स नव्हता. दुसऱ्या भागात मेलनची माहिती मी किळस येऊन नष्ट केली होती, त्यामुळे इलाजासाठी लागणारी क्रोगन स्त्री ईव्हही वाचली नाही. क्रोगनांचा पुढारी रीव, त्याच्या डोक्यात फक्त सूड. मी मॉर्डिनला अडवलं, म्हणालो हा इलाज आता यांच्या हाती नको. त्याने ऐकलं. तो जगला.

त्या रात्री गच्चीवर आम्ही दोघं कितीतरी वेळ बोलत होतो. दादा म्हणाला, तुझा मॉर्डिन जगला, पण एका जमातीला फसवून. मी म्हणालो, तुझा मेला, पण तुला समाधान आहे. तीन गेम, पाच वर्षांत आलेले, आणि एकाच घरातल्या दोघांची दोन वेगळी दुःखं. हे दुसऱ्या कुठल्या कलेत होतं, मला सांगा.

म्हणूनच शेवटाचा राग इतका आला. मार्च २०१२ मध्ये खेळाडूंनी आरडाओरडा केला तो नायक मेला म्हणून, असं अनेकांनी लिहिलं. तसं नव्हतं. आम्ही मरायला तयार होतो. राग होता तो विसरण्याचा. शेवटच्या दहा मिनिटांत गेमला रेक्स आठवला नाही, मॉर्डिन आठवला नाही. जपलेलं, गमावलेलं सगळं युद्धसामग्रीच्या यादीत आकडे होऊन बसलं होतं आणि त्या आकड्यांना सुरुवातीला मल्टिप्लेअरचा गुणाकार होता. आमच्याकडच्या नेटवर मल्टिप्लेअर चालायचंच नाही, त्यामुळे तयारी कायम निम्मीच दिसायची. मग शेवटाच्या तीन वाटा : लाल, निळी, हिरवी. राक्नी राणी पहिल्या भागात मारलेली असली तरी रीपर या यंत्रशत्रूंनी बनवलेली दुसरी राणी हजर. पहिल्या भागात कौन्सिलवर माणसांतर्फे अँडरसनला बसवलं तरी तिसऱ्यात खुर्चीवर उडिना. वहीतल्या ओळी एकेक करून खोडल्या जात होत्या.

खेळाडूंनी तेव्हा तुमच्या कचेरीत चारशे कपकेक पाठवले होते, तीन रंगांचे आणि चवीला एकसारखे. तुम्ही ते तरुणांच्या निवारागृहाला देऊन टाकले. निषेधाच्या त्याच मोहिमेने मुलांच्या रुग्णालयांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी ऐंशी हजार डॉलरच्या वर रक्कम जमवली. तुमचे सहसंस्थापक रे मुझिका यांनी खेळाडूंना जाहीर पत्र लिहिलं आणि जूनमध्ये तुम्ही वाढवलेला शेवट फुकट दिला. तीन वाटा तशाच राहिल्या, पण आमच्या माणसांचं पुढे काय झालं ते दिसलं. मला तेवढं पुरलं. लोक ऐकून घेतात एवढं कळलं तरी राग निम्मा होतो.

नंतर आलेल्या ‘मास इफेक्ट : अँड्रोमेडा’बद्दल थोडक्यात. लढाई तुमच्या सगळ्या गेममध्ये तिथेच सगळ्यात छान आहे, हवेत झेप घेऊन मारा करण्याची मजा मी आजही घेतो. चेहऱ्यांवरून जी टिंगल झाली ती अती झाली. पण तिथे आकाशगंगाच बदलली. मागच्या तीन भागांतलं काय न्यायचं, तर शेपर्ड पुरुष होता की स्त्री, एवढंच. क्वेरियन जमातीचं जहाज अजून वाटेत आहे असं सांगून गेम संपला आणि पुढची कथा त्या गेममध्ये कधी आलीच नाही. त्यानंतर २०२४च्या ऑक्टोबरमध्ये तुमच्या ‘ड्रॅगन एज’ या दुसऱ्या मालिकेचा नवा भाग आला. इतक्या वर्षांच्या निर्णयांतून त्याने विचारले तीन. तीनच. ते वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण पुढचा नंबर ‘मास इफेक्ट’चा आहे.

तुमची अडचण मला कळते. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्यातल्या अनेकांना स्टुडिओ सोडावा लागला. माणसं थोडी आहेत. प्रत्येक निर्णयाच्या दोन-दोन दुनिया लिहायच्या, रेकॉर्ड करायच्या, तपासायच्या, हे कुणालाच झेपणारं नाही. शिवाय लाल, निळी, हिरवी अशा तीन शेवटांतून एकच पुढचा भाग काढायचा, म्हणजे कोड्यात कोडं.

म्हणून माझं मागणं उलटं आहे. मोठं आमच्याकडून काढून घ्या. रीपरांचं काय झालं, आकाशगंगेचं काय झालं, ते तुम्हीच ठरवा आणि पहिल्याच दृश्यात स्वच्छ सांगा. लाल म्हणालात तर लाल. मी एक शब्द बोलणार नाही. मात्र लहान गोष्टी आमच्या आमच्याकडे ठेवा.

लहान म्हणजे कुठल्या? पहिल्या भागात सिटाडेल या अंतराळस्थानकावर समेश भाटिया नावाचा एक माणूस उभा असतो. त्याची बायको निराली ईडन प्राइम ग्रहावर मारली गेली, ॲशलीच्याच तुकडीत होती. गेथ या यंत्रमानवांच्या शस्त्रांनी झालेल्या जखमांचा अभ्यास करायला लष्कराने तिचा देह ठेवून घेतलाय, त्याला तो अंत्यसंस्कारांसाठी हवाय. अधिकाऱ्याशी बोलून देह सोडवून द्यायचा, की अभ्यासाने इतरांचे जीव वाचतील म्हणून समेशची समजूत घालायची, हे आपण ठरवायचं. मी खेळत होतो, स्पीकर चालू होता. निराली हे नाव कानावर पडलं आणि आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. कोण रे ही, म्हणाली. मी सांगितलं. ती पडद्याकडे बघत तशीच उभी राहिली, मग म्हणाली, “देऊन टाक रे त्याला. माणसाला घरी न्यायला नको?” मी देह सोडवून दिला. दादानेही तेच केलं. आम्हा दोघांच्या गेममध्ये एकसारखे असलेले निर्णय फार थोडे, त्यातला हा एक, आणि तो आईचा.

समेश भाटियाने पुढच्या गेममध्ये भेटावं, असं म्हणत नाही. पण कुठल्यातरी कोपऱ्यात त्या नावाची एक ओळ असली आणि ती माझ्या निर्णयाप्रमाणे बदललेली असली, तर त्या एका ओळीवर मी तुमच्या दहा नव्या बंदुका ओवाळून टाकीन. अशा पंधरा-वीस ओळी निवडा. प्रत्येकीवर नवी मोहीम उभारू नका. एक निरोप, भिंतीवरचं एक नाव, बाजारात ऐकू येणारं एक वाक्य पुरे. दुसऱ्या भागात शेपर्डचा चाहता कॉनरॅड व्हर्नर याच्या बाबतीत तुमची फाइल चुकली होती, आपण त्याच्याशी चांगलं वागलो असलो तरी तो आपण बंदूक रोखल्याचं बोलायचा. तिसऱ्या भागात तुम्ही त्याच्याच तोंडून ती चूक कबूल केलीत. आम्ही किती खूश झालो होतो! चूक झाली तरी चालते. आठवायचा प्रयत्न दिसला पाहिजे.

जुन्या फाइली आता अनेकांकडे नसतील. तर विचारा. तिसऱ्या भागात लियारा एक पेटी बनवते, पुढच्या युगातल्या लोकांसाठी सगळ्याची नोंद ठेवणारी, आणि शेपर्डची नोंद कशी करू म्हणून आपल्यालाच विचारते. तिची असारी जमात हजार वर्षं जगते. पुढच्या भागात लियारा आहेच. तिलाच समोर बसवा, आमच्याशी अर्धा तास बोलू द्या, कोण वाचलं, कोण गेलं, कुणाला सोडलं ते विचारू द्या. दादाची वही अजून आहे. तो आता नाशिकला असतो. त्या वहीची पानं पिवळी पडलीत, पण अक्षर लागतं.

बर्फातली झलक आली त्या दिवशी त्याचा फोन आला होता. पहिला प्रश्न, “रेक्स असेल का रे?” क्रोगनही हजार वर्षं जगतात, त्यामुळे असायला हरकत नाही. तुझ्या गेममध्ये असेल, म्हणालो.

माझ्या गेममध्ये तो नसावा. नव्या भागात तुम्ही त्याला सगळ्यांसाठी जिवंत करून आणलंत, मला खूश करायला आणलंत, तरी मला तो नको. विरमायरवर मी त्याला समजावू शकलो नाही. ते आसन माझ्यासाठी रिकामं ठेवा, नाहीतर तिथे रीव बसू द्या. मी दालनात चार फेऱ्या मारीन.

कळावे,
मिरजेचा एक शेपर्ड